‘धिस’चा धनी कोण?

मेथड ज्या क्लासमध्ये लिहिली त्याच क्लासच्या ऑब्जेक्टशी तिचे नाते अखेरपर्यंत अभंग राहील, अशी पायथनसारख्या भाषेने लावलेली सवय घेऊन जो जावास्क्रिप्टमध्ये येतो, त्याचा पहिला भ्रमनिरास बहुधा एखाद्या साध्या बटणापाशी होतो. ऑब्जेक्टमार्फत पुकारली असता आज्ञाधारकपणे वागणारी मेथड क्लिकच्या बंदोबस्तासाठी ब्राउझरच्या हवाली केली, की ती ‘धिस’ म्हणून त्या बटणालाच ओळखू लागते. कारण या भाषेत ‘धिस’चा धनी मेथड लिहिताना नव्हे, तर ती पुकारताना, आणि पुकारण्याच्या रीतीवरून मुक्रर होतो. यावर जे नाना उपाय योजले गेले, त्यांत डेकोरेटरने मेथड बांधण्याचा उपाय मला सर्वांत डौलदार वाटतो. परंतु त्याच्या मंजुरीला इतका विलंब झाला, की ती मिळेपर्यंत त्याचे क्षेत्र पुष्कळ आक्रसले होते.

‘बाइंड’ ही सोय २००९ साली भाषेतच दाखल झाली होती. रिॲक्ट या लायब्ररीची जुनी ‘क्रिएटक्लास’ पद्धत तर मेथड्स न सांगता बांधून देत असे. २०१५ साली ०.१३ या आवृत्तीने भाषेचे अधिकृत क्लास स्वीकारले आणि त्या क्लासांना ही सवलत नाकारली. परिणामी कन्स्ट्रक्टरमध्ये प्रत्येक मेथडचे नाव डावीउजवीकडे लिहून तिला बांधणाऱ्या ओळींची जी रांग लागली, ती एखाद्या फेरफाराच्या नोंदवहीइतकी रुक्ष तर होतीच, शिवाय नव्या मेथडची नोंद राहून गेल्यास त्याचा बोभाटा क्लिक झाल्यावरच होई.

मेथडच्या माथ्यावर ‘ऑटोबाइंड’ या डेकोरेटरची एक खूण केली, की ही सारी रांग नाहीशी होते. जुन्या, प्रायोगिक रूपात डेकोरेटर मूळ फंक्शनच्या जागी एक गेटर बसवी. कोणी ऑब्जेक्टकडे ती मेथड प्रथम मागितली, की गेटर तिची बांधलेली प्रत तयार करून त्याच ऑब्जेक्टवर ठेवून देई. युक्ती चतुर खरी, पण निर्धोक नव्हे. उपक्लासने तीच मेथड स्वतःची खूण न करता नव्याने लिहिली, आणि तीतून ‘सुपर’द्वारा मूळ मेथडला हाक घातली, तर गाफीलपणे लिहिलेला गेटर पूर्वजाचीच प्रत ऑब्जेक्टवर डकवून मोकळा होई, आणि पुढच्या हाकेला वारसाची मेथड बेदखल झालेली आढळे.

प्रतिस्पर्धी उपाय म्हणजे क्लासच्या फील्डमध्ये लिहिलेले ॲरो फंक्शन. त्याला ना खूण लागते ना लायब्ररी, म्हणून लोकप्रियतेत त्याने बाजी मारली. पण असे फंक्शन प्रोटोटाइपवर नसतेच, त्यामुळे ‘सुपर’ला ते सापडत नाही. प्रत्येक ऑब्जेक्टमागे एक फंक्शन हा खर्च दोन्हीकडे सारखाच; डेकोरेटर निदान मूळ मेथड तिच्या हक्काच्या जागी शाबूत ठेवतो.

टाइपस्क्रिप्टने १.५ या आवृत्तीत, २०१५ साली, प्रायोगिक म्हणून दिलेला हा अलंकार भाषेच्या समितीत मसुद्यामागून मसुदे बदलत २०२२ साली तिसऱ्या टप्प्यावर पोचला, आणि त्या रूपाची अंमलबजावणी टाइपस्क्रिप्टच्या ५.० आवृत्तीने २०२३ साली केली. नव्या रूपात गेटरची कसरत उरली नाही: ‘ॲडइनिशियलायझर’मार्फत ऑब्जेक्ट घडतानाच मेथड बांधली जाते, आणि त्या वेळी ती नावाने शोधली जात असल्यामुळे उपक्लासने बदललेली मेथडच नेमकी बांधली जाते. पूर्वीचा वारसाहक्काचा अन्याय असा दूर झाला. मात्र २०१९ साली आलेल्या हुक्समुळे रिॲक्टमध्ये नवे क्लास लिहिण्याची वहिवाट मोडत गेली होती, आणि अँग्युलर व लिट यांच्या टेम्प्लेटांत ‘धिस’ची काळजी त्या चौकटीच वाहतात.

तरीही खिडकीच्या आकारबदलावर किंवा स्क्रोलवर लक्ष ठेवणारी मेथड टेम्प्लेटच्या हद्दीबाहेर नोंदवावी लागते, आणि काम संपल्यावर तीच नोंद रद्दही करावी लागते. तेथे नोंदवताना व काढताना प्रत्येक वेळी ‘बाइंड’ लिहिणाऱ्याच्या हाती दोन निराळी फंक्शने येतात, आणि रद्द करण्याचा हुकूम कसलीही तक्रार न होता निष्फळ ठरतो. डेकोरेटरने ऑब्जेक्टमागे एकच प्रत करून ठेवली असल्यामुळे नोंदणी आणि रद्दीकरण दोन्ही त्याच प्रतीवर चालतात.