पाटणें येथील रेखांकित कवच : पुराव्याचें परीक्षण

चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें हें स्थान आमच्या वाचकांस नवें नाहीं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचे नातू चांगदेव यांनीं स्थापिलेल्या मठाचा इ. स. १२०७ चा शिलालेख तेथलाच, डॉ. भाऊ दाजी यांनीं तो उजेडांत आणिला. त्याच गांवच्या परिसरांत डॉ. एस. ए. साळी यांनीं १९७२-७३ सालीं केलेल्या उत्खननांत याहून फार जुना एक ‘लेख’ निघाला. तो अक्षरांचा नव्हे, रेघांचा आहे. आणि शिळेवर नव्हे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर आहे. दोन पट्ट्यांत एकमेकींस छेदणाऱ्या तिरप्या रेघा व त्यांस बांधणाऱ्या समांतर रेघा, एवढाच त्याचा मजकूर. हा तुकडा सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचा व मानवाच्या हातचा, असें प्रतिपादन आहे. तें कितपत टिकतें हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नदीच्या जुन्या गाळांत अवजड हाड दिसलें कीं ‘मॅमथ’ हें नांव पुढें येतें. केसाळ मॅमथ हा युरोप, सायबीरिया व उत्तर अमेरिका येथील थंड, कोरड्या माळांचा प्राणी. हिमालयाच्या दक्षिणेस त्याचा अवशेष मिळालेला नाहीं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत नांदूर मध्यमेश्वर येथें गोदावरीच्या गाळांत मिळालेली, पिलग्रिम यांनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केलेली हत्तीची कवटी सरळ सुळ्यांच्या निराळ्या जातीची होय; त्या जातीस नर्मदेचें नांव आहे. मोरेव्हियांतील प्रेडमोस्ती येथील शिकाऱ्यांनीं मॅमथाच्या सुळ्यावर भौमितिक रेघांनीं स्त्रीची आकृति कोरली. खानदेशांतील मनुष्याच्या हातीं कवच होतें. साम्य येथेंच संपतें. त्यावरून दोहोंचा संबंध जोडूं नये.

आतां पहिला प्रश्न रेघांचा. भारतांत मिळालेल्या शहामृगाच्या कवचांपैकीं चाळिसांहून अधिक तुकडे कोरलेले म्हणून प्रसिद्ध झाले होते. रॉबर्ट बेडनरिक यांनीं त्यांचें परीक्षण केलें, तेव्हां पाटण्याचा तुकडा वगळतां बाकीच्यांवरील खुणा वनस्पतींच्या मुळांनीं केलेल्या ठरल्या. मुळांतून स्रवणारें आम्ल चुन्याचें कवच विरघळवितें व नागमोडी चर पाडतें. कसरीनें पोथींत कोरलेली वाट अक्षर म्हणून वाचावी, तसाच हा प्रकार. दगडाच्या धारेनें ओढलेली रेघ तशी भरकटत नाहीं. तिच्या तळाशीं बारीक ओरखडे राहतात. इतक्या कडक चाळणींतून जो एकच तुकडा उरला, त्याचें वजन आम्ही अधिक मानतों.

दुसरा प्रश्न काळाचा. २५,००० हा अंक कवचांतील किरणोत्सारी कर्बाच्या मोजणीवरून आला आहे; आजच्या दुरुस्तीनें तो आणखी कांहीं हजार वर्षें मागें जातो. परंतु ही मोजणी पक्ष्यानें अंडें घातल्याचा काळ सांगते, रेघ ओढल्याचा नव्हे. जुन्या कोऱ्या कागदावर नवी सनद लिहितां येते, हें दप्तरें चाळणारांस सांगावयास नको. म्हणून खरा आधार प्रयोगशाळेचा नसून थराचा आहे. हा तुकडा उत्तर पुराश्मयुगीन हत्यारांच्या थरांत मिळाला. कवचाचे मणीहि पाटण्यास मिळाले, म्हणजे कवच घडविण्याची विद्या तेथें होती. कवच परदेशांतून आलें असेल, ही शंकाहि आतां दुर्बळ झाली आहे. हैदराबाद येथील संशोधकांनीं राजस्थान व मध्यप्रदेशांतील कवचांचें आनुवंशिक परीक्षण करून, शहामृग या देशांत नांदत होता असें २०१७ सालीं दाखविलें.

सारांश, रेघा मानवाच्या व काळ उत्तर पुराश्मयुगाचा, हीं दोन्हीं विधानें आम्हांस मान्य आहेत. त्यापुढें जाऊन हें धर्मचिन्ह किंवा लिपीचा आरंभ म्हणणें मान्य नाहीं. एका तुकड्यावरून परंपरा सिद्ध होत नाहीं.

संग्राहकांस एक विनंति. रुमालांतून सुटलेला कागद जसा आपलें गोत्र हरवून बसतो, तसेंच थरांतून उपटून पेटींत ठेविलेलें कवच. जळगांव-धुळें भागांत ओढ्याकांठीं असा तुकडा दिसल्यास तो उचलूं नये. जागा टिपून पुरातत्त्व खात्यास कळवावें. पाटण्याच्या तुकड्याची साक्ष आज ऐकूं येते, ती तो कोठें होता हें नोंदविलें गेलें म्हणूनच.