सावलीशी वैर

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची छायाचित्रे स्पर्धांत, प्रदर्शनांत, पुढे दिवाळी अंकांत आणि कॅलेंडरांवर झळकू लागतात. अलीकडची अशी छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट आधी खटकते, मग सलते आणि शेवटी संताप आणते. त्यांत पिवळा रंग डोळ्यांत खुपेल इतका आहे, पण उजेड कुठे सापडत नाही. सकाळ आहे की दुपार, ऊन पाठीमागून येते आहे की डोक्यावरून, हवेतल्या पुडीतून प्रकाश गाळून आला आहे की तिच्यावर आदळून परतला आहे, यातले काहीच कळत नाही. काळ्या दगडाच्या पायऱ्या, दीपमाळांची सावलीतली बाजू, कमानीखालचा काळोख, सगळे एकाच पातळीवर उजळलेले. आजच्या रंगीत छायाचित्रणाचे दुखणे या एका विषयात पुरते दिसते. प्रकाश गोळा करण्याची कॅमेऱ्याची ताकद कधी नव्हे इतकी वाढली आणि त्याच काळात प्रकाश वाचण्याची सवय सुटत गेली.

हे कसे घडते ते भंडाऱ्यापुरते तरी नीट पाहायला हवे. हळदीतले रंगद्रव्य जांभळा आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरव्यापासून लालपर्यंतचा बराचसा परत पाठवते. त्यामुळे भर उन्हात सेन्सरच्या तीन रंगवाहिन्यांपैकी लाल आधी काठोकाठ भरते, हिरवी तिच्या मागोमाग, आणि निळी जवळजवळ रिकामी राहते. लाल वाहिनी एकदा उडाली की कपाळावरचा दाट थर, दाढीत अडकलेले कण आणि घामाने ओला झालेला गठ्ठा यांतला फरक पुसट होतो, कारण तो फरक दाखवणारी नोंदच अर्धी गेलेली असते. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा एकत्रित हिस्टोग्राम मात्र सगळे आलबेल असल्याचे दाखवतो, कारण तिथे तिन्ही वाहिन्या एका आलेखात मिसळलेल्या असतात. वाहिन्यांचे आलेख वेगवेगळे पाहून एक्स्पोजर स्टॉपभर खाली आणले तर पुडीचा कण न् कण हाती राहतो. एवढे करण्याऐवजी घरी येऊन सॅच्युरेशन वाढवले जाते आणि उरलासुरला फरकही बुडतो. त्यावर कडी करतो तो लाइटरूममध्ये २०१५ साली आलेला ‘डीहेझ’ नावाचा स्लायडर. हवेत विखुरलेला उजेड वजा करणे हे त्याचे काम. दूरच्या डोंगरावरचे धुरकट आवरण काढायला तो ठीक आहे, पण जेजुरीत हवेत विखुरलेला पिवळा उजेड हाच विषय असतो. तोच वजा करून उरते काय, तर पिवळ्या कपड्यांतली गर्दी.

व्हाइट बॅलन्सची कथा याहून गंभीर आहे. स्वयंचलित व्हाइट बॅलन्समागचे सर्वांत जुने गृहीतक असे की चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी येते, आणि आली नाही तर दोष प्रकाशाचा. आजची गणिते यापेक्षा हुशार आहेत, पण त्यांची ओढ तिकडेच असते. ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश दिवसाढवळ्या नारिंगी झाले होते. धुराच्या थरांतून कमी तरंगलांबीचा प्रकाश खाली पोचतच नव्हता. लोकांनी फोन वर धरले, तर पडद्यावर साधे करडे, ढगाळ आकाश उमटले. जी गोष्ट नोंदवायची तीच फोनला चूक वाटली आणि त्याने ती दुरुस्त केली. आपल्याकडे हळदी समारंभाच्या छायाचित्रांत हेच रोज घडते. झेंडू, पिवळी साडी, हळदीचे अंग, मागे पिवळा पडदा, असे सगळे जमले की यंत्र चौकट निळ्याकडे ओढते आणि नवरीचा चेहरा आजारी दिसू लागतो. मग तो ‘सुधारायला’ प्रीसेट लावले जाते. प्रकाशाचे रंगतापमान मोजले तर मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, जुना टंगस्टनचा बल्ब २८०० च्या आसपास, दुपारचे ऊन ५५००, उघड्या आकाशाखालची सावली ८००० च्या घरात. हे आकडे म्हणजे वेळेचा आणि जागेचा पत्ता आहे. सगळे एका पांढऱ्यावर आणून बसवणे म्हणजे तो पत्ता खोडणे.

गेल्या दशकात फोनमधून आलेल्या आणि आता मोठ्या कॅमेऱ्यांच्या एडिटिंगमध्येही रुळलेल्या स्थानिक टोनमॅपिंगने तर प्रकाशाचा क्रमच मोडला. फिल्म असो वा साधी टोन कर्व्ह, जे दृश्यात जास्त उजळ ते चित्रातही जास्त उजळ, हा क्रम टिकत असे; अंतरे कमीजास्त होत, एवढेच. आता आकाश वेगळे ओळखले जाते, चेहरा वेगळा, भिंत वेगळी, आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक मिळते. परिणाम असा की सावलीत उभ्या माणसाचा चेहरा त्याच्यामागच्या उन्हाळी आकाशापेक्षा उजळ निघतो. चेहऱ्यावर पडणारा सगळा उजेड त्या आकाशाचा, आणि तोच चेहरा आकाशाहून लखलखीत! डोळ्याला भौतिकशास्त्र शिकवावे लागत नाही. असे चित्र पाहताना काहीतरी खोटे आहे हे त्याला जाणवतेच. रात्रीचे तेच. अंधारात डोळ्यातले रंग ओळखणारे शंकू मावळतात, दंडपेशी कामाला लागतात, त्यांची संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरऐवजी ५०७ च्या आसपास सर्वाधिक असते. म्हणून संध्याकाळी लाल फूल आधी काळे पडते आणि पाने मागाहून. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्येने हे निरीक्षण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवले. नाइट मोड अनेक फ्रेमा एकमेकींवर रचून लाल फूल लालच दाखवतो. तंत्र म्हणून ही कामगिरी थक्क करणारी आहे. रात्रीचे चित्र म्हणून ती कुचकामी आहे.

याच्या विरुद्ध टोकाला आपल्याच देशात एक परंपरा उभी आहे आणि तिच्याकडे पाहायला आज कुणाला सवड नाही. ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी काशीच्या घराचे अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत बांधावे लागले, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्रांनी वर कापड ताणले आणि दिव्यांचा उजेड त्यावरून परतवून खाली सोडला. चारही बाजूंनी बंद अंगणात उजेड फक्त वरून, आभाळातून येतो, म्हणून तिथे सावल्या कडेवर तुटत नाहीत, मऊ होत विरतात. हे त्यांना पाहून कळले होते, आणि जे पाहिले ते त्यांनी घडवले. ‘कागज़ के फूल’ (१९५९) मध्ये व्ही. के. मूर्तींनी बाहेरचे ऊन आरशांवरून स्टुडिओत आणले, कारण सूर्यकिरणांची समांतरता दिव्याला साधत नव्हती. रंगात हे काम छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी केले. स्लाइड फिल्मवर पाच-सहा स्टॉपांपलीकडे काही मावत नसे; उन्हासाठी एक्स्पोजर धरले तर सावली काळी जाणार हे बटण दाबण्याआधीच पत्करावे लागे. मुंगेरच्या पावसात एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या चार स्त्रियांचे त्यांचे १९६७ चे छायाचित्र पाहा. ढगांखालचा उजेड सगळीकडून सारखा, त्यामुळे कुठे तीव्र सावली नाही. आकार दिसतो तो ओल्या कापडामुळे. धाग्यांमधल्या फटींत पाणी शिरले की प्रकाश कमी विखुरतो, आत खोल जाऊन जास्त शोषला जातो आणि रंग गडद होतो. अंगाला चिकटलेले कापड आणि जरा सुटलेले कापड यांत रंगाचा जो बारीक फरक आहे, त्यावर ते सगळे चित्र तोलून धरलेले आहे. आजच्या पद्धतीने त्यातल्या सावल्या उचला, मायक्रोकॉन्ट्रास्ट वाढवा, पाऊस निघून जाईल.

बाकीच्या प्रवाहांबद्दल थोडक्यात. ड्रोनच्या छायाचित्रांत भूगोल आहे, प्रकाश क्वचित. प्री-वेडिंगचा निळा-नारिंगी थाट हा हॉलिवूडच्या कलर ग्रेडिंगचा उष्टा तुकडा आहे. कृष्णधवलाकडे परतणाऱ्यांपैकी पुष्कळजण रंगाचा प्रश्न सुटत नाही म्हणून परतलेले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या चित्रांत कुठल्याच वस्तूवर उजेड पडलेला नसतो, तेव्हा इथे त्यांचा विचार करण्याचे कारण नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: डोळाही व्हाइट बॅलन्स करतो, मेंदूही सावल्या उचलतो, मग यंत्राने केले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. डोळ्याचे हे अनुकूलन अपुरे असते. समईच्या उजेडात पांढरे धोतर पांढरे आहे हे आपल्याला कळते आणि उजेड पिवळा आहे हेही त्याच वेळी कळते. यंत्र पहिले ठेवते आणि दुसरे फेकून देते. शिवाय चित्र पाहणारा दुसऱ्याच खोलीत, दुसऱ्याच दिव्याखाली बसलेला असतो. त्याचा डोळा त्या खोलीशी जुळलेला. समईचा उजेड त्याच्यापर्यंत पोचवायचा तर तो चित्रातच असावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फिल्म तरी कुठे निरागस होती? कोडाक्रोमचे रंग तिचे स्वतःचे, वेल्व्हिया तर भडकपणासाठीच विकली गेली. डिजिटल सेन्सरचेही तेच: बायरच्या जाळीत प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात, म्हणजे रंगाचे दोन तृतीयांश आकडे गणितातूनच येतात. हे सगळे मान्य. गणिताशी माझे भांडण नाही. फिल्मचा पक्षपात प्रत्येक चौकटीत तोच असे, म्हणून तो शिकता येई आणि त्याच्याविरुद्ध किंवा त्याच्यासह काम करता येई. आजचा पक्षपात दर चौकटीला बदलतो, एकाच चौकटीत कपाळाला एक आणि भिंतीला दुसरा लागतो, आणि तो कुणी निवडलेला नसतो. छायाचित्रकाराने स्वतः सावली उचलली असती तर तिच्याबद्दल त्याला जाब विचारता आला असता.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर हवे. गणिती छायाचित्रणामुळे सावळ्या माणसांना न्याय मिळाला, असे सांगितले जाते. रंग जुळवण्यासाठीची कोडॅकची ‘शर्ली’ कार्डे गोऱ्या स्त्रीच्या कातडीवरून बेतलेली होती, सावळे चेहरे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते, हा इतिहास खरा आहे. गूगलने २०२१ मध्ये ‘रिअल टोन’ आणले आणि २०२२ मध्ये त्वचेच्या दहा छटांची मंक श्रेणी स्वीकारली, हेही चांगलेच झाले. पण त्वचेवरून परतणारा प्रकाश दोन वाटांनी येतो. एक भाग पृष्ठभागावरूनच चकाकीसारखा परततो; तो गोऱ्या-सावळ्या कातडीला जवळजवळ सारखाच असतो. दुसरा आत शिरून, विखुरून बाहेर येतो. मेलॅनिन कमी करते ते याला. म्हणून सावळ्या चेहऱ्याची ठेवण मुख्यतः चकाकीच्या कडांतून दिसते: गालफडावरची रेघ, नाकाच्या बाजूचा उतार, ओठावरचा ठिपका. तिरका, मोठा, मऊ प्रकाशस्रोत दिला, खिडकीजवळ किंवा ओसरीच्या तोंडाशी माणूस बसवला, तर असा चेहरा गोऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त समृद्ध उमटतो, तोही न उजळता. फोनचा ‘ब्यूटी’ मोड आधी ती चकाकी तेलकटपणा समजून पुसतो आणि मग राखाडी उरलेला चेहरा दोन छटांनी उजळतो. लग्नाच्या अल्बमांत महाराष्ट्रभर हेच सर्रास चालले आहे. नवरी तिच्या आईपेक्षा, बहिणीपेक्षा, स्वतःच्या हातांपेक्षाही गोरी करून दिली जाते. पैसे मोजणाऱ्यांची मागणीच तशी असते, असे सांगून छायाचित्रकार मोकळे होतात. मागणी आहे, आणि ती कुठून येते हे ‘गोरी, सुस्वरूप’ वधू मागणाऱ्या जाहिराती वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. तिला प्रकाशशास्त्राचा काडीचाही आधार नाही. मग स्पर्धांच्या परीक्षकांनी तरी काय केले? चौकटीत मागाहून पक्षी चिकटवला आहे का हे तपासायला ते रॉ फाइल मागवतात आणि सापडला तर चित्र बाद करतात. त्याच फाइलमध्ये सावळी असलेली बाई छापील चित्रात गोरी झालेली समोर दिसत असते, आणि त्या चित्राला पदक देताना त्यांचा हात थरथरत नाही.