तंजावरास जावे काय?

बंगळुरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत सुट्टीचे दिवस जवळ आले म्हणजे तंजावरचा विषय एकदा तरी निघतोच. येथून रात्री गाडीत बसावे आणि सकाळी तेथे उतरावे, इतके ते शहर जवळ आहे. मराठी राजांनी तेथे सुमारे १८० वर्षे गादी चालविली, हेही बहुतेकांस ठाऊक असते. असे असूनही बेत शेवटी उटी, म्हैसूर किंवा हंपी यांपैकी कोठे तरी जाऊन थांबतो. आणि जे तंजावरास जाऊन येतात त्यांतील पुष्कळजण ‘देऊळ भव्य आहे, बाकी विशेष काही नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात. हा शेरा कितपत न्याय्य आहे, हे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या कारकुनास हा प्रश्न केवळ हौसेचा नसतो. प्रवास-सवलतीच्या नियमाप्रमाणे चार वर्षांच्या एका गटात मूळ गावाखेरीज देशात अन्यत्र जाण्याची संधी एकदाच मिळते. ती संधी साहजिकच काश्मीर, अंदमान अशा दूरच्या मुलखासाठी राखून ठेवली जाते. म्हणजे तंजावरास जायचे ते पदरच्या पैशाने, मोजक्या शिलकी रजेत आणि मुलांच्या शाळेचे वेळापत्रक सांभाळून. असा खर्च करणाऱ्या माणसास ‘तेथे काय आहे?’ असे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्यास पोकळ अभिमानाचे उत्तर देऊन भागणार नाही.

तंजावरविषयी मराठीत जे प्रवासपर लेखन वाचावयास मिळते ते बहुधा दोन तऱ्हांचे असते. पहिल्या तऱ्हेचा लेखक स्टेशनवर उतरल्यापासून मराठी साम्राज्याच्या आठवणीने सद्गदित होतो. त्याला राजवाड्याच्या प्रत्येक कमानीत शिवछत्रपतींच्या घराण्याचा पराक्रम दिसतो. तो राजवाडा मुळात नायक राजांनी बांधावयास घेतला व मराठ्यांनी पुढे वाढविला, ही गोष्ट तो सांगत नाही. दुसऱ्या तऱ्हेचा लेखक वाटाड्याने सांगितलेले सर्व उतरवून घेतो. बृहदीश्वराच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, हे त्याचे आवडते वाक्य. सावली पडते, दुपारच्या आधी किंवा नंतर देवळाच्या प्रांगणात उभे राहून कोणाही शाळकरी मुलास ती पाहता येईल. तसेच, सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या तंजावरभेटीत जन्मला, ही कथा. ती खमंग असली तरी तिला समकालीन कागदाचा आधार नाही. पहिला लेखक वाचकाच्या अपेक्षा अवास्तव वाढवितो, तर दुसरा खरे नवल सोडून खोट्या नवलाकडे त्याचे लक्ष वळवितो. प्रवासी परत येऊन निराशा व्यक्त करतो, त्याचे अर्धे कारण या लेखनात आहे.

आता प्रत्यक्ष पाहण्याच्या गोष्टींकडे वळू. बृहदीश्वराचे देवालय चोळ सम्राट राजराज पहिला याने १०१० साली पूर्ण केले. सुमारे दोनशे फुटांहून उंच असलेले हे शिखर ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडाचे आहे, आणि हा दगड कावेरीच्या त्या सपाट, गाळाच्या प्रदेशात मिळण्याजोगा नव्हे. तो दुरून आणावा लागला. १९८७ साली या देवळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, तो अर्थातच योग्य होता. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळकालीन भित्तिचित्रे असल्याचे १९३१ च्या सुमारास उघडकीस आले. तो मार्ग सर्वसामान्य प्रेक्षकांस खुला नसतो, तेव्हा त्यांच्या प्रतिकृतींवरच समाधान मानावे लागते. हे आधी ठाऊक असले म्हणजे हिरमोड होत नाही. नुसते हे देऊळ पाहावयाचे म्हटले तरी गाडीभाडे वसूल होते, यात शंका नाही. परंतु ते पाहण्यास मराठी असण्याची गरज नाही. मराठी वाचकाचा प्रश्न त्यापुढचा आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर याच देवळाच्या आवारात, नैऋत्येकडील भिंतीवर कोरलेले आहे. सरफोजी दुसरे यांच्या आज्ञेवरून १८०३ मध्ये तेथे भोसले वंशाचे चरित्र मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरण्यात आले. देशातील अतिशय विस्तृत शिलालेखांत त्याची गणना होते. प्रवासी त्याच्यासमोर उभा राहून छायाचित्र घेतो, अभिमानाने दोन ओळी वाचून पाहतो आणि पुढे जातो. आमच्या मते तेथे थांबून एक साधा हिशेब करावयास हवा. १७९९ च्या तहाने इंग्रजांनी राज्याचा सर्व कारभार आपल्या हाती घेतला होता आणि सरफोजीराजांकडे किल्ला, त्याचा परिसर व वार्षिक नेमणूक एवढेच उरले होते. हा लेख त्यानंतर चार वर्षांनी कोरला गेला. म्हणजे ही विजयाची घोषणा नव्हे. राज्य हातचे गेल्यावर, आपण कोण होतो हे विसरले जाऊ नये म्हणून दुसऱ्या एका महान राजवंशाच्या भिंतीचा आश्रय घेऊन लिहिलेली ती नोंद आहे. आम्ही दप्तरात दिवस घालविणारी माणसे. नोंद केव्हा केली जाते आणि कशासाठी केली जाते, याचा थोडाफार अनुभव आमच्या गाठी आहे. ज्याचा अधिकार चालू असतो तो सहसा आपली वंशावळ दगडावर इतक्या विस्ताराने लिहीत बसत नाही. या दृष्टीने वाचला म्हणजे तो शिलालेख स्तुतिपर न राहता करुण होतो, आणि आमच्या समजुतीने अधिक मोलाचा होतो.

सरफोजींचे मोठेपण या लेखापेक्षा राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात अधिक दिसते. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या या संग्रहास त्यांनी खरे वैभव दिले, आणि १९१८ साली तो सार्वजनिक झाला. संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर तेथे सुमारे ३ हजार मराठी हस्तलिखिते आहेत, आणि दरबारच्या मोडी कागदांचे गठ्ठेही आहेत. सरफोजींच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर जे उपचार होत, त्यांची सचित्र टिपणे जपलेली आहेत. त्यांच्या दरबारच्या पाकक्रियांचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ही आहे. सांबाराच्या दंतकथेत रमणाऱ्यांनी तिच्याऐवजी त्याची चौकशी करावी हे बरे. महाराष्ट्रात छापखान्यांचा सुळसुळाट होण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तंजावरास देवनागरी मुद्रणालय चालू होते आणि इसापनीतीचा मराठी अवतार ‘बालबोध मुक्तावली’ तेथे छापला गेला होता. मात्र वाचकांस एक सूचना देणे आवश्यक आहे. सामान्य प्रवाशास ग्रंथालयाचा केवळ प्रदर्शनाचा भाग पाहावयास मिळतो. पोथ्या अभ्यासकांसाठी असतात. काचेखालची चार पाने पाहून ‘एवढेच का?’ असे वाटणे शक्य आहे. राजवाड्याचा काही भागही जीर्ण आहे. जयपूर-उदयपूरच्या झगमगाटाची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याने न जाणेच उत्तम.

गौरव करताना दोषही सांगितला पाहिजे. याच सरफोजींनी नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना मिळालेल्या विजयाप्रीत्यर्थ पट्टुक्कोट्टैजवळ समुद्रकाठी मनोरा नावाची अनेकमजली वास्तू १८१४-१५ च्या सुमारास बांधली. ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्याच जयाचा हा स्तंभ! आश्रिताची ही लाचारी होती असे म्हणावे, की त्यांना इंग्रजांविषयी खरोखरच आपलेपणा होता असे म्हणावे? श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याने त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहिली होती आणि त्याच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्यांनी संगमरवरी शिल्प करवून घेतले, ते तेथील चर्चमध्ये आहे. कृतज्ञता आणि पारतंत्र्य यांची अशी गुंतागुंत ज्या अभिमानपर लेखनात वगळली जाते, ते लेखन इतिहासाचे नव्हे.

आता आम्ही ज्यास या विषयाचे मर्म समजतो त्याकडे येतो. तंजावरच्या मराठी राजांनी मराठीचे काय केले? व्यंकोजी तथा एकोजी यांनी १६७६ च्या सुमारास ते राज्य घेतले. त्यापूर्वी त्यांचे वास्तव्य आमच्या या बंगळुरातच होते. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवालयास त्यांनी १६६९ मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. पुढे बंगळूर मोगलांच्या हातून म्हैसूरच्या वडियारांकडे गेले आणि एकोजींचा वंश कावेरीच्या खालच्या खोऱ्यात रुजला. त्यांचे पुत्र शहाजी यांनी तेलुगूत पालखीसेवेचा प्रबंध रचला, मराठीत नाटके लिहिली आणि ‘पंचभाषाविलास’ या एका नाटकात पाच भाषा एकत्र आणल्या. तिरुविशनल्लूर हे गाव त्यांनी १६९३ मध्ये ४६ विद्वानांस इनाम दिले. सांगलीस १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्याच्या दीडशे वर्षे आधी मराठी नाटक येथे लिहिले जात होते.

यावर आमचे काही टीकाकार म्हणतात की, तेलुगू-तमिळांस आश्रय देण्यात या राजांनी मराठीची उपेक्षा केली, म्हणून तेथे ती टिकली नाही. हे मत आम्हांस पटत नाही. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि गादी संपली. तरीही त्यानंतर कित्येक पिढ्या तंजावरी मराठी घराघरांतून बोलली गेली आणि आजही काही घरांत बोलली जाते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव हे कुंभकोणमच्या अशाच घराण्यातले. राजसत्ता नसताना ती भाषा जगली ती कुलधर्माच्या, स्वयंपाकघराच्या आणि रामदासी मठांच्या आधाराने. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मराठी कीर्तनकारांकडून तंजावरच्या गुणीजनांनी कीर्तनाची पद्धत उचलली. तंजावर कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला दक्षिणी हरिकथेचे रूप दिले. त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते व छंद आजही आढळतात, आणि ती गाणाऱ्यांतील पुष्कळांस मराठी बोलता येत नाही. भिंतीवरचा विस्तीर्ण लेख क्वचित कोणी वाचतो. शेजाऱ्यास दिलेली साकी मात्र गायली जाते. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामाशास्त्री ही कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती याच राज्यात जन्मली, आणि भरतनाट्यमच्या कार्यक्रमास आजचा क्रम देणारे चौघे बंधू सरफोजींच्या दरबारी होते. ज्या राज्यात इतके घडले तेथील राजे परक्या भाषांशी मोकळेपणाने वागले, याचा खेद मानावा की आनंद?

बंगळुरातील मराठी माणसास हा प्रश्न परका नाही. मुले शाळेत कन्नड व इंग्रजी शिकतात, मित्रांशी आणखी तिसऱ्याच भाषेत बोलतात आणि घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नास इंग्रजीत उत्तर देतात. मंडळाच्या वार्षिक समारंभातील भाषणांनी यात काही फरक पडेल असे आम्हांस वाटत नाही. तंजावरचा दाखला असा की, समारंभाची भाषा दगडात राहते आणि घरातली, गाण्यातली, शेजाऱ्याशी वाटून घेतलेली भाषा माणसांत राहते. हा दाखला पुस्तकात वाचून कळतो खरा. पण मुलांस तो पटवावयाचा असेल तर त्या भिंतीसमोर उभे राहून, परक्या लिपीच्या गावात आपली अक्षरे अवचित दिसण्याचा अनुभव त्यांना दिला पाहिजे. हंपी त्यापेक्षा विशाल आहे आणि म्हैसूर अधिक सुखसोयीचे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हा अनुभव त्या दोहोंपैकी कोठेही मिळत नाही.

तेव्हा आमचा अभिप्राय असा : तंजावरास जावे, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत ऊन असह्य असते आणि कावेरीचे पात्रही बहुधा कोरडे असते. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पावसाचा त्रास संभवतो. पौष वद्य पंचमीच्या सुमारास, म्हणजे बहुधा जानेवारीत, दोन-तीन दिवसांची रजा काढावी. त्या वेळी तेथून जवळच तिरुवैयारूस त्यागराजांची आराधना चालू असते व ती ऐकावयास मिळते. एक दिवस देवळास, एक राजवाड्यास आणि ग्रंथालयास, एक तिरुवैयारूस. राजवाड्यात घाई असेल तर बाकीचे सोडून चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन तेवढे पाहावे. तेथेच सरफोजींचा संगमरवरी पुतळाही आहे. जाण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी भोसले घराण्याच्या या शाखेची हकीकत मुलांस सांगून ठेवावी, कारण तेथील फलक बहुतेक तमिळ व इंग्रजीत आहेत. ज्यास एवढी तयारी करावयाची नाही, किंवा ज्यास केवळ विश्रांती हवी आहे, त्याने खुशाल उटीस जावे. त्यात कमीपणा काही नाही.