दोराकडे तोंड करून

अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये दोराच्या खुणांचा एक तक्ता आहे. पाणबुड्या खाली, दोर धरणारा वर, आणि दोघांचं बोलणं चालतं ते दोराला दिलेल्या हिसक्यांवर. पोलीस आणि अग्निशमन दलांचे पाणबुडे गढूळ नदीत, तलावात बुडालेला माणूस किंवा टाकून दिलेलं हत्यार शोधायला उतरतात. त्यांना शिकवल्या जाणाऱ्या खुणाही याच धर्तीच्या असतात, पथकागणिक आकडे तेवढे बदलतात. मला मात्र हा नौदलाचा तक्ताच पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. इतक्या तुटपुंज्या सामग्रीत इतका विचार बसवलेली रचना क्वचितच भेटते.

सामग्री म्हणजे हिसका, आणि दोन हिसक्यांमधली जागा. वरून एक आला की विचारणा : ठीक आहेस ना? खालून एक गेला की उत्तर : ठीक आहे. वरून चार म्हणजे वर ये, खालून चार म्हणजे मला वर घ्या. खूण तीच, अर्थ ठरतो ती कोणत्या टोकाकडून निघाली यावर. हिसका देण्याआधी दोरातली ढील पूर्ण काढून घ्यावी, तो जाणवेल इतका जोरकस असावा, पण पाणबुड्या कामावरून खेचला जाईल इतका नसावा, असंही मॅन्युअल बजावतं. वरच्याच्या मनातली घालमेल हातातून खाली उतरू नये, याची ही तजवीज आहे.

आलेली खूण जशीच्या तशी परत पाठवायची. उत्तर येईपर्यंत पाठवत राहायचं. आलंच नाही, तर दोर फार ढिला आहे, कुठेतरी अडकला आहे किंवा माणूस संकटात आहे. न बोलण्यालाही या तक्त्यात अर्थ दिलेला आहे.

खरी करामत शोधकामाच्या खुणांत दिसते. सात हिसके दिले की आधीचे अर्थ बाजूला होतात. आता एक म्हणजे थांब आणि आहेस तिथेच शोध. दोन म्हणजे दोर सैल सोडला असेल तर माझ्यापासून दूर जा, ताणला असेल तर माझ्याकडे ये. तीनला उजवीकडे, चारला डावीकडे. पुन्हा सात दिले की जुने अर्थ परत लागू. चारचा अर्थ एका क्षणी ‘वर ये’ आणि दुसऱ्या क्षणी ‘डावीकडे सरक’ होत असेल, तर दोन्हींमधलं दार चुकून उघडणारं असून चालत नाही. सात हिसके चुकून जात नाहीत.

पण उजवीकडे म्हणजे कुठे? तळाचा गाळ ढवळला गेला की स्वतःचा हात दिसत नाही. होकायंत्र वाचता येत नाही, काठ कुठल्या अंगाला राहिला हे सांगता येत नाही. इथे तक्ता सांगतो : आधी दोराकडे तोंड कर, ढील काढून घे, मग उजवीकडे सरक. या तीन कृतींचा क्रम मला अप्रतिम वाटतो. अंधारात एकच दिशा खात्रीची असते, ती म्हणजे ज्याच्या हातात दोर आहे त्याची. तिच्यावरून उरलेल्या दिशा ठरवायच्या. शिवाय दोर ताणलेला ठेवून माणूस बाजूला सरकला की त्याची वाट आपोआप कंस होते, दोर धरणाऱ्याभोवतीच्या वर्तुळाचा तुकडा. कंस संपला की वरून थोडा दोर सोडायचा आणि उलट फिरायचं. असे कंसामागून कंस काढत आंधळा तळ चाचपून होतो. दोघे समोरासमोर असल्यामुळे खालच्याचा उजवा हा वरच्याचा डावा असतो. तो हिशेब काठावर उजेडात उभ्या असलेल्याने ठेवायचा.

म्हणून सरावात पाणबुड्याच्या मास्कच्या काचा काळ्या करतात, आणि दोर धरणाऱ्यालाही तितकंच घोटून घ्यावं लागतं. विहिरीत पोहायला शिकताना कमरेचा दोर धरून वर उभा असलेला मामा ज्यांना आठवतो, त्यांना हे पटवावं लागणार नाही.

वाहत्या पाण्यात मात्र या भाषेची परीक्षा असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल कोसळला, दोन एसटी बस वाहून गेल्या, आणि शोधासाठी भारतीय नौदलाचे पाणबुडे त्या पुरात उतरले. अशा ओढीत दोराला पोट सुटतं आणि दिलेला हिसका त्या पोटातच विरतो. ढील काढून घेण्याची अट तिथे सर्वांत महत्त्वाची, आणि तिथेच ती पाळणं सर्वांत कठीण.

खोलीची अडचण वेगळी. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि ३० मीटरच्या सुमारास हवेतल्या नायट्रोजनची गुंगी डोक्यावर चढू लागते. साधी मोजदाद चुकते. दाब एकदम उतरू नये म्हणून वर येण्याचा वेग अमेरिकी नौदलाने मिनिटाला ३० फूट, म्हणजे साधारण ९ मीटर ठरवला आहे. एरवी ‘खाली चाललास’ सांगणारे वरून आलेले दोन हिसके वर येताना मिळाले, तर त्यांचा अर्थ : जास्त वर आलास, थांबवू तिथपर्यंत परत खाली जा.

संकटाच्या खुणा तिहेरी आहेत, मधे थांबून तीनदा दिलेल्या. दोन-दोन-दोन : अडकलोय, दुसरा पाणबुड्या पाठवा. तीन-तीन-तीन : अडकलोय, पण माझं मी सोडवून घेतो. ही दुसरी खूण सुचणारा माणूस स्वतः अडकून पडलेला असणार, असं मला वाटतं. तिच्यात मागणी काहीच नाही. दोर अडकल्याचं जाणवलं की वरचा हात ओढू पाहतो, आणि ओढलं की फास आवळतो. तो हात आवरण्यासाठी ही खूण आहे.

आणि चार-चार-चार : ताबडतोब वर ओढा. तिला उत्तर द्यायचं नसतं. प्रत्येक खूण परत पाठवण्याचा नियम इथे थांबतो आणि तेवढ्या वेळात हातभर दोर वर येतो. खोलवरून असं ओढून काढलेल्या माणसाच्या रक्तात बुडबुडे धरू शकतात, वर आल्यावर त्याला रिकंप्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे पुन्हा दाबाखाली, ठेवावं लागू शकतं. दोर धरणाऱ्याला हे शिकवलेलं असतं. तरी तो मिनिटाला ३० फुटांचा हिशेब करत बसत नाही, कारण ही जोखीम खालच्याने तोलली आहे आणि तशी खूण दिली आहे.