बालवाङ्मयाची पारितोषिके आणि त्यांचे परीक्षक

आमच्या लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात पुस्तक हेच बक्षीस असे. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांच्या सहीची चिठ्ठी चिकटवलेली, वर तांबडी फीत बांधलेली, आणि आत बहुधा एखाद्या थोर पुरुषाचे असे चरित्र की, ज्यात तो पुरुष पाळण्यात असल्यापासूनच थोर असे. पाचवीत असताना असे एक पुस्तक आम्हांस मिळाले. घरच्या वडीलधाऱ्या माणसांनी ते कौतुकाने कपाटात ठेवले, आणि ते अद्यापि आमच्यापाशी कोरे करकरीत आहे. त्याच सुट्टीत शेजारच्या मुलाकडून उसने आणलेले, पुठ्ठा गेलेले आणि मधली पाने सुटलेले भा. रा. भागवतांचे फास्टर फेणेचे एक पुस्तक मात्र आम्ही दोन दिवसांत दोनदा वाचून काढले. त्या पुस्तकाला कोणी बक्षीस दिले होते काय, अशी चौकशी करण्याचे आम्हांला सुचलेसुद्धा नाही. आता पुस्तक बक्षीस देण्याची चाल बरीच मागे पडली असून पुस्तकालाच बक्षीस देण्याची चाल पुढे आली आहे. ही गोष्ट स्वागतार्हच होय. तथापि, जे कोरे राहिले आणि जे वाचून वाचून फाटले, त्या दोन पुस्तकांमधील अंतर या नव्या पारितोषिकांना मोजता येते काय, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आमच्या मनात पुन्हा जागा झाला तो पाचगणीस. तेथून पाचेक किलोमीटरांवर भिलार हे स्ट्रॉबेरीसाठी नावाजलेले गाव आहे. ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर केले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाचे उदाहरण योजकांच्या डोळ्यांपुढे होते. परंतु तेथे जुनी पुस्तके विकावयास मांडलेली असतात, येथे ती वाचावयास ठेवलेली आहेत. आरंभी गावातील पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवण्यात आली, आणि गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या ओसऱ्या व खोल्या त्यांच्यासाठी मोकळ्या केल्या. बालसाहित्यालाही त्यांत स्वतंत्र स्थान आहे. तेथे आम्ही तासभर बसलो होतो. आठनऊ वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडिलांनी फळीवरचे एक पुस्तक काढून, “हे घे, याला बक्षीस मिळालंय,” असे म्हणून तिच्या पुढे ठेवले. मुलीने चार पाने उलटली. मग ते पुस्तक तिने मांडीवर उभे धरले, आणि त्याच्या आडोशाला दुसरेच एक पुस्तक उघडून ती वाचू लागली. वडील समाधानाने बाहेर गेले. त्या बक्षीसपात्र पुस्तकाचे नाव आम्ही येथे सांगत नाही. कारण एका मुलीच्या एका दुपारवरून कोणत्याही ग्रंथकाराचा न्याय करणे योग्य नव्हे. पण परीक्षक, बाप आणि मूल या तिघांचे परस्परसंबंध त्या एका चित्रात आम्हांस स्पष्ट दिसले.

आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध बालग्रंथाचा आरंभच मुळी पारितोषिकाच्या गोष्टीने होतो, याचे स्मरण येथे करून देणे अप्रस्तुत होणार नाही. महिलारोप्य नगराचा राजा अमरशक्ती आपल्या तीन मंदबुद्धी पुत्रांना शहाणे करण्याबद्दल विष्णुशर्म्यास शंभर अग्रहार देऊ करतो. विष्णुशर्मा ते नाकारतो. विद्या विकावयाची नाही, असे सांगतो, आणि सहा महिन्यांची मुदत मागून घेतो. पंचतंत्र निर्माण झाले ते या करारातून. येथे परीक्षक कोण होते? राजसभेतील पंडित नव्हेत. राजपुत्रांचे मन त्या गोष्टींत गुंतले आणि त्यांची बुद्धी जागी झाली, तर ग्रंथ उत्तम. नाही तर व्यर्थ. बालवाङ्मयाच्या परीक्षेची याहून कठोर आणि याहून सरळ कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

मराठीत ग्रंथांस बक्षिसे देण्याची प्रथा नवीन नाही. दक्षिणा प्राइझ कमिटी १८५१ साली स्थापन झाली आणि तिने अनेक मराठी पुस्तकांस उत्तेजन दिले. परंतु मुलांच्या वाङ्मयाची खरी जोपासना झाली ती अशा उत्तेजनापेक्षा नियतकालिकांच्या अंगणात. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ साली निघाले, वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ १९०६ साली. महिन्याच्या महिन्याला अंकाची वाट पाहणारी मुले हाच त्या संपादकांचा परीक्षकवर्ग होता, आणि त्याचा निकाल दर महिन्यास लागत असे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकावरून काढलेल्या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले; पुस्तक मात्र घरोघर गेले ते आयांच्या आणि मुलांच्या हातांतून. आज राज्य शासनाच्या बालवाङ्मयाच्या पुरस्कारांना साने गुरुजी, भा. रा. भागवत, ना. धो. ताम्हनकर अशी नावे दिलेली आहेत. ही योजना उचित आहे. पण तिच्यात एक गर्भित कबुलीही आहे. ज्यांना मुलांनी मोठे केले, त्यांच्या नावांनी आजची पारितोषिके मोठी दिसतात. पुस्तकामुळे बक्षिसाला प्रतिष्ठा येते, हा क्रम विसरता कामा नये.

साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. मराठीपुरती त्यांची यादी पाहिली तर परीक्षकांची दृष्टी संकुचित होती, असे कोणीही म्हणणार नाही. पहिल्याच वर्षी अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ची निवड झाली. २०११ साली दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’चा गौरव झाला. हा बोक्या त्यापूर्वीच मुलांच्या ओळखीचा झाला होता आणि २००९ साली पडद्यावरही आला होता. तेव्हा येथे परीक्षकांनी मुलांच्याच निवाड्यावर आपली मोहर उठवली, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’ (२०१७), सलीम मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), संगीता बर्वे यांचे ‘पियूची वही’ (२०२२) आणि भारत सासणे यांचे ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४) ही पुस्तके निवडली गेली. उदगीर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या कथाकाराने भूतबंगल्याची वाट धरावी आणि अकादमीने तिला मान द्यावा, ही गोष्ट आम्हांस विशेष आनंदाची वाटली. साहसकथा म्हणजे हलके वाङ्मय, हा आमच्या वर्गातील जुना ग्रह त्यामुळे थोडा तरी सैल व्हावा.

एवढे श्रेय देऊन झाल्यावर तीन आक्षेप नोंदविणे आम्हांस कर्तव्य वाटते.

पहिला आक्षेप मानाचा. अकादमीच्या मुख्य पुरस्काराची रक्कम एक लाख रुपये, बालसाहित्याच्या पुरस्काराची पन्नास हजार. एस.टी.च्या गाडीत मुलाला अर्धे तिकीट असते, हे आम्ही समजू शकतो. परंतु मुलासाठी लिहिणाऱ्या प्रौढ ग्रंथकारालाही अर्ध्या तिकिटावर बसवावे, याचे कारण आम्हांस उमगत नाही. मुलांसाठी लिहिणे हे मोठ्यांसाठी लिहिण्याच्या निम्म्या श्रमाचे काम आहे, असे ज्याला वाटत असेल, त्याने सहा वर्षांच्या मुलासाठी दोन पानांची एक गोष्ट लिहून पाहावी.

दुसरा आक्षेप असा की, हा पुरस्कार कधी एका पुस्तकास तर कधी ग्रंथकाराच्या एकंदर कार्यास दिला गेला आहे. २०१४ साली माधुरी पुरंदरे यांचा आणि २०१८ साली रत्नाकर मतकरी यांचा असा सन्मान झाला. मतकरींनी १९६२ साली बालनाट्याची चळवळ आरंभिली. त्यांची योग्यता कोण नाकारील? पण एकंदर कार्याचा सत्कार म्हणजे ग्रंथकाराचे ऋण फेडणे होय. त्याने वाचकाचे काम होत नाही. चार वर्षांच्या नातवाचा हात धरून दुकानात शिरलेल्या आजोबांना ‘एकंदर कार्य’ विकत घेता येत नाही. त्यांना एका पुस्तकाचे नाव हवे असते. शिवाय लहान मुलांच्या पुस्तकात चित्र हे शब्दाच्या बरोबरीचे असते. माधुरीताई आपली चित्रे स्वतःच काढतात, म्हणून त्यांच्या बाबतीत प्रश्न आला नाही. एरवी चित्रकार या सन्मानाच्या बाहेरच राहतो. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ या उपक्रमाने २०१६ साली सुरू केलेल्या बिग लिटल बुक पुरस्कारात लेखक आणि चित्रकार असे दोन स्वतंत्र मान ठेवले आहेत, आणि त्यातला लेखकाचा पहिलाच मान माधुरीताईंना मिळाला. ही रीत अधिक शहाणपणाची आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, आणि तो एका संस्थेपुरता नाही. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले, त्याला या साऱ्या व्यवहारात कोठेही मत नाही. लिहिणारे आम्ही, छापणारे आम्ही, निवडणारे आम्ही, टाळ्या वाजविणारेही आम्हीच. अशा व्यवहारात प्रौढांना आवडणारे गुण, म्हणजे बोध, शुद्ध भाषा आणि सद्विचार, हे प्रथम डोळ्यांत भरतात. आणि मुलाला जे प्रथम हवे असते, ते म्हणजे पुढे काय होणार याची उत्कंठा, चांगल्या गमतीची चव आणि आपल्याला कोणी फसवीत नाही हा विश्वास, यांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

या बाबतीत परदेशांतील अनुभव पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १९२२ पासून न्यूबेरी पदक दिले जाते. ते देणारे मुलांच्या ग्रंथालयांत काम करणारे ग्रंथपाल असतात. १९२८ साली हे पदक आपल्या धनगोपाळ मुखर्जींच्या एका कबुतराच्या कथेला मिळाले. त्या कबुतराचे नाव चित्रग्रीव, म्हणजे पंचतंत्रातील कपोतराजाचेच! मुलांच्या सहवासात दिवस घालविणाऱ्या परीक्षकांची नजर अशी दूरवर पोहोचली. परंतु त्यांचीही चूक झाली. १९५३ साली ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’ या पुस्तकाला डावलून त्यांनी पदक दुसऱ्याच पुस्तकाला दिले. आज ते पदकविजेते पुस्तक जाणकारांना शोधावे लागते, आणि कोळीण व डुक्कर यांची ती गोष्ट जगभरची मुले वाचतात. मात्र एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पदकाबरोबर काही पुस्तकांचा सन्मानपूर्वक उल्लेख करण्याची तेथे रीत आहे, आणि त्या उल्लेखांत ‘शार्लट्स वेब’ होते. निकाल चुकला, तरी यादीने लाज राखली. जर्मनीत तर १९५६ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय पारितोषिकाला २००३ साली तरुण वाचकांच्या स्वतंत्र परीक्षकमंडळाची जोड देण्यात आली. मोठ्यांचा निवाडा एक, मुलांचा दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी मांडले जातात.

यावर कोणी म्हणेल की, मुलांच्या हाती निवड दिली तर ती रोज भेळच मागतील. या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. एखादे पुस्तक सकस आहे, सत्य आहे, भाषेला पुढे नेणारे आहे, हे ठरविण्यास प्रौढ जाणता वाचकच पाहिजे. पण एखादे पुस्तक कंटाळवाणे आहे, एवढा निर्णय देण्यास मुलासारखा अधिकारी पुरुष नाही, आणि त्या निर्णयावर अपील नाही. म्हणून दोघांनाही आपापले काम द्यावे. मुलांनी चाळावे, मोठ्यांनी निवडावे.

हे कसे घडावे याची एक सूचना करून आम्ही आटोपते घेतो. दर वर्षी परीक्षकांनी एका नावाऐवजी पाच पुस्तकांची नावे, प्रत्येकाच्या गुणदोषांच्या अर्ध्या पानाच्या टिपणासह, आधी प्रसिद्ध करावी. ती पाचही पुस्तके भिलारच्या बालसाहित्याच्या घरात एक उन्हाळा ठेवावी. पाचगणी हे निवासी शाळांचे गाव. तेथील इंग्रजी पुस्तकांत वाढणारी मुले आणि भिलारची शेतकऱ्यांची मुले यांच्यात अंतर पाच किलोमीटरांचे, पण वाचनाच्या दृष्टीने ते पुष्कळच अधिक असते. दोघांनाही ती पुस्तके वाचू द्यावी, आणि कोणते पुस्तक शेवटपर्यंत वाचले, कोणते मध्येच सोडले, एवढेच त्यांना विचारावे. निबंध लिहावयास सांगू नये. त्यानंतर परीक्षकांनी निकाल द्यावा, आणि तो मुलांच्या मताहून निराळा असेल तर का, हे लिहावे. निराळेपणाची लाज वाटण्याचे कारण नाही. कारण सांगण्याची मात्र जबाबदारी आहे.

आणि आमच्या सुशिक्षित कुटुंबांचे काय? आम्ही तरी त्या बापाहून निराळे आहोत काय? पुस्तक बक्षीसपात्र आहे एवढ्यावर समाधान मानून आम्हीही खोलीबाहेर जातो. त्या दिवशी भिलारहून निघताना आम्ही त्या मुलीला, आत लपविलेले पुस्तक कोणते, असे हळूच विचारले. तिने ते दाखविले नाही. “थांबा, थोडंच राहिलंय,” एवढेच ती म्हणाली, आणि मान वर न करता वाचीत राहिली.