पाऊस येणार, असे टेप सांगते

स्टीव्ह राइश या अमेरिकी संगीतकाराच्या १९६५ सालच्या ‘इट्स गॉना रेन’ या रचनेत वाद्य एकही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये ब्रदर वॉल्टर नावाचा कृष्णवर्णीय उपदेशक नोहा आणि जलप्रलयाची कथा सांगत होता. राइशने ती ध्वनिमुद्रित केली, पाऊस पडणार असे बजावणारा तुकडा कापला, टेपची दोन टोके चिकटवून वेटोळे केले आणि अशी दोन वेटोळी दोन यंत्रांवर एकदम सुरू केली. यंत्रांचा वेग किंचित वेगळा. म्हणून एक आवाज दुसऱ्याच्या केसभर मागे पडतो, मग अक्षरभर, मग शब्दभर. पहिल्या भागात ते असे हिंडून पुन्हा एक होतात.

अशा रचनेपुढे आपल्याला लगेच तंबोरा आणि नामजप आठवतात. हे आमच्याकडे होतेच, असे म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. मिरजेच्या तंबोऱ्यावरचे बोट दर वेळी तार नव्याने छेडते. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा त्रयोदशाक्षरी मंत्र जपणारा थकतो, त्याचे मन भटकते आणि परत येते. जपाने बदलायचे असते ते जपणाऱ्याने. टेपमधला वॉल्टर थकत नाही, बदलतो तो ऐकणारा. काही मिनिटांत शब्दांचा अर्थ गळतो, उरते बोलण्यातली चढउतार. मुद्रणात सापडलेल्या कबुतराच्या पंखांची फडफडही ठेका धरू लागते. (साम्यच हवे असेल तर ते देवघरात अखंड जप म्हणणाऱ्या प्लास्टिकच्या डबीशी आहे. तिला कोणी संगीत म्हणत नाही.)

क्यूबाचा क्षेपणास्त्र पेचप्रसंग १९६२चा. राइशच्या मनावर अणुयुद्धाचे सावट होते. त्याचा पाऊस म्हणजे सर्वनाश. जालन्यात हा शब्द उलटा पडतो. २०१२-१३च्या दुष्काळात शहराला पाणी पुरवणारा घाणेवाडीचा तलाव आटला. पाऊस येणार, हे इथे कोणी धमकी म्हणून सांगत नाही; ती आशा असते, आणि तेच वाक्य रोज ऐकून ती झिजते. ही झीज राइशच्या हिशेबात नव्हती, पण वेटोळ्यात ती ऐकू येते.

एक गोष्ट खटकते. वासुदेवाची हाळी कोणी अशी कापून फिरवली, तर कर्ता कोणाला म्हणायचे? भर चौकातला हा वक्ता रचनेचा कच्चा माल ठरला, आणि कीर्ती राइशची झाली. त्याचा स्वर राइशने यंत्राने विद्रूप केला नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

दुसरा भाग मात्र जालन्यातही तसाच अंगावर येतो. तारवाचे दार बंद झाले आहे, बाहेर लोक थोपटत आहेत. एका आवाजाचे दोन होतात, चार होतात, आठ होतात आणि या वेळी ते परत जुळत नाहीत.