थोरल्याची वाटणी : उधळ्या पुत्राचा दाखला पुन्हा वाचताना

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही ऐकून माहीत असतो. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच हिस्सा मागून घेतो, परमुलखात तो उडवतो, दुष्काळात डुकरं राखतो आणि शेवटी घरची वाट धरतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, पुष्ट वासरू कापून जेवण घालतो. पापी माणसावर देव कसं प्रेम करतो, हे सांगण्यासाठी ही गोष्ट सांगितली जाते आणि बहुतेक वेळा त्या मिठीपाशीच थांबवली जाते. मी घरातला थोरला. त्यामुळे असेल, पण माझं लक्ष पहिल्यापासून शेतावरून परतणाऱ्या थोरल्या भावाकडे गेलं. हा माझा कल झाला. मजकुराचा कल कोणाकडे आहे, ते इथे तपासायचं आहे.

दाखला 11 ते 32 अशा 22 वचनांचा आहे. त्यातली शेवटची 8 वचनं थोरल्याची आहेत. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त गोष्ट मिठीनंतर घडते. शिवाय अध्यायाची सुरुवात पाहावी लागते. जकातदार आणि पापी समजले जाणारे लोक येशूभोवती जमतात, तो त्यांच्या पंक्तीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करतात, आणि त्या कुरकुरीला उत्तर म्हणून तीन गोष्टी येतात : शंभरांतलं एक मेंढरू, दहांतलं एक नाणं, दोघांतला एक मुलगा. मेंढराला आणि नाण्याला पश्चात्ताप करता येत नाही. तिथे सगळी धडपड शोधणाऱ्याची आहे. धाकट्याला शोधायला मात्र कोणी जात नाही, तो आपल्या पायांनी येतो. तिसऱ्या गोष्टीत बाप ज्याची मनधरणी करायला बाहेर जातो तो थोरला. ऐकणारे कुरकुर करणारे आहेत, हे लक्षात घेतलं की या रचनेचं नवल वाटत नाही.

आता वाटणीकडे येऊ. अनुवादाच्या या पुस्ती, त्या पुस्ती ताडून आणि शब्दकोश उघडून मी मूळ ग्रीक वाक्यं लावत गेलो, तेव्हा बाराव्या वचनातलं एक सर्वनाम नजरेत भरलं. हिस्सा मागतो एकटा धाकटा. बाप मात्र मालमत्ता वाटून देतो ती ‘त्यांना’, म्हणजे दोघांना. अनुवादाच्या पुस्तकातल्या 21 व्या अध्यायात ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वाटा सांगितला आहे. त्या हिशेबाने दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश मिळतं, बाकी थोरल्याचं. हयातीत वाटणी करू नये, मुलांच्या तोंडाकडे पाहायची वेळ येईल, असा इशारा येशूच्या सुमारे दोनशे वर्षं आधी सिराखच्या ग्रंथाने दिला होता. आपल्याकडे सातबाऱ्यावर मुलांची नावं चढवताना वडीलधारे हेच सांगतात. पुढे इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात अशा वाटणीचा नियमही आहे : मालकी मुलाची, पण बाप जिवंत असेतो वहिवाट बापाची.

हे ध्यानात ठेवून मेजवानी पाहिली की चित्र बदलतं. कापलेलं वासरू, अंगावर घातलेला उत्तम झगा, बोटातली अंगठी हे सगळं ज्या घरातून आलं, ते घर हक्काने थोरल्याचं होतं. वहिवाट बापाची असल्याने त्याने खर्च केला हे रीतसरच. पण पुढे कमी भरणार ते थोरल्याच्या वाट्यात. आणि त्याला बोलावायला शेतावर कोणी गेलं नाही. गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून त्याला चाकराला विचारावं लागलं. त्याच्या रागाला नुसतं मत्सराचं नाव देणं मला अन्यायाचं वाटतं.

सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चौथ्या अध्यायातही घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट आहे. तिथला श्रीमंत बाप मुलाला ओळखतो, पण तो बिचकेल म्हणून शेणकचरा काढायच्या कामावर ठेवतो आणि अनेक वर्षांनी, मुलाची तयारी झाल्यावर, सगळं धन त्याच्या हाती देतो. दोन्ही गोष्टींची तुलना करताना धावणारा बाप आणि थांबणारा बाप हा फरक नेहमी सांगितला जातो. मला दुसरा फरक मोठा वाटतो. तिथे भाऊ नाही. भाऊ नसला की मायेची किंमत कोणाच्या वाट्यातून जाते, हा प्रश्नच उरत नाही. लूकने तो प्रश्न मुद्दाम ठेवला आहे.

तो का ठेवला, याचं उत्तर श्रोत्यांत सापडतं. जकातदार हे नुसते विधी न पाळणारे लोक नव्हते. लोकांकडून ठरल्यापेक्षा जास्त उकळणारे म्हणून ते बदनाम होते. त्यांना पंक्तीला घेतलं की नाडला गेलेला माणूस विचारणारच : माझ्या पैशाचं काय? लूकला हे ठाऊक होतं. एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय चौपट परत करायची तयारी दाखवतो.

बापाचं उत्तर म्हणूनच बारकाईने वाचायला हवं. थोरला स्वतःच्या कामाला गुलामी म्हणतो. धाकट्यानेही परतताना मजुरी मागायचं ठरवलं होतं. दोघांनीही नातं रोजंदारीवर मोजलं. बाप धाकट्याला ती मागणी तोंडातून काढू देत नाही आणि थोरल्याला ‘बाळा’ अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारतो. पण थोरल्याचा हिशेब तो खोडत नाही. जे माझं ते सगळं तुझंच, असं तो सांगतो, म्हणजे झालेली वाटणी कायम. अंगठीचा अर्थ काही भाष्यकार अधिकार परत मिळाला असा लावतात, पण नव्याने हिस्सा दिल्याचं मजकुरात कुठेही नाही. धाकट्याला घर मिळालं, जमीन मिळाली नाही. फक्त एक गोष्ट बाप दुरुस्त करतो. थोरला भावाला ‘तुमचा मुलगा’ म्हणून झटकतो, तर बाप त्यालाच ‘तुझा भाऊ’ म्हणून परत देतो.

धाकट्याला दुरून पाहताच बापाचं जे झालं, त्यासाठी लूक आतड्यांवरून बनलेलं क्रियापद वापरतो; दहाव्या अध्यायात जखमी वाटसरूला पाहणाऱ्या शोमरोनी माणसासाठीही तेच. ‘दया आली’ यापेक्षा आपलं ‘आतडं तुटलं’ हे त्याच्या अधिक जवळचं आहे. ही माया हिशेबाच्या आधीची असते. ती हिशेब पुसत नाही. हिशेब मांडून बसलेल्यालाही जेवायला बोलावते.

संत ऑगस्टीनसारख्या भाष्यकारांनी थोरला म्हणजे यहुदी समाज असा अर्थ लावला आणि तो पुढे शतकानुशतकं चालत राहिला. त्यामुळे दोष दुसऱ्याच्या माथी गेला आणि वाचणारा मोकळा झाला. पण पश्चात्ताप करणाऱ्याला देव क्षमा करतो, हे परूशीही मानत होते. वाद होता तो क्षमा झालेल्याच्या शेजारी बसून जेवण्याचा. थोरला आत गेला का, हे लूक सांगत नाही. मला ते सांगून टाकावंसं वाटत नाही, कारण नाडल्या गेलेल्या माणसाच्या वतीने ‘तो गेला’ असं परस्पर ठरवणं ही पुन्हा त्याला न विचारताच घातलेली मेजवानी होईल. मात्र बाप अजून अंगणात त्याच्यापाशी उभा आहे, एवढं मजकुरात आहे. आणि देवाच्या प्रेमाबद्दल हा दाखला जे सांगतो त्यात मिठीइतकंच या उभं राहण्यालाही स्थान द्यावं लागतं.